आई तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही

७ जानेवारी

ठकू,

तुझं पत्र मिळालं. वर 'प्रिय ताई' आहे, खाली 'तुझीच' आहे आणि मधे काम आहे. मी मधलं तेवढं वाचलं.

आमच्या कंपनीच्या साइटवर आईचा टीव्हीवरचा जुना कार्यक्रम 'टाक्याला टाका' आलाय हे तुला तिकडे कुणीतरी सांगितलं. तू शोधलंस, आईचा फोटो दिसला, त्यावर बोट ठेवलंस आणि पाटी आली, 'हा कार्यक्रम तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.' आता तू विचारतेस, ताई, तू तिथेच नोकरीला आहेस, काही करता येईल का?

नाही.

कंपनीने त्या जुन्या वाहिनीकडून हक्क घेतले ते देशापुरते. बाहेर दाखवायचं तर वेगळे हक्क लागतात, आणि भर दुपारी बायकांना झालर लावायला शिकवणाऱ्या बाईसाठी ते कोण घेणार? प्रदेश तुझा तू निवडलास. आम्ही कुणी तुला गाठोडं बांधून धाडलं नव्हतं.

'मग एक कॉपी तरी काढून पाठव, आपल्याच आईचं आहे, त्यात चोरी कसली' हे वाचून मला हसू आलं. आई आपली होती. कार्यक्रम कंपनीचा आहे. आपलं काय आणि दुसऱ्याचं उचलून न्यायचं काय, यातला फरक तुला कधी कळलाच नाही.

माझं काम काय ते तुला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. बाहेर राहून आत असल्याचं सोंग करणारी माणसं असतात. ती व्हीपीएन घेतात, म्हणजे आधी इथल्या एखाद्या यंत्राला जोडून घ्यायचं आणि त्याच्या आडून आमच्या दारात यायचं, की आम्हाला वाटावं, माणूस इथलाच. ऑफिसात आम्ही त्याला बोगदा म्हणतो. असे बोगदे हुडकायचे आणि बुजवायचे. मला पुढून सगळे मॅडम म्हणतात आणि मागून सासूबाई. दोन्ही मला चालतं. सासूच्या नजरेतून काही सुटत नाही.

बाबांबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास. 'बाबा बरे आहेत. हल्ली जरा विसरतात.' या वयात विसरतातच. मला विसरले असतील तर त्यात नवल नाही. आई गेल्यावर तू आलीस आणि 'हवापालट म्हणून दोन महिने नेते' म्हणालीस. मी त्यांची खोली रंगवून घेतली. कानाच्या यंत्राचे सेल आणून ठेवले. दोन महिने झाल्यावर बाबा आले नाहीत, तुझा फोन आला. तू काय म्हणालीस ते मला तोंडपाठ आहे. 'त्यांना तुझ्याकडे करमत नव्हतं गं ताई. तू त्यांच्याशी बोलतच नाहीस.'

त्यानंतर मी तुझा फोन घेतला नाही आणि पुढेही घेणार नाही. लिहायचं तर लिही.

बाबांना सांग, मी मजेत आहे. नाहीतर राहू दे. काही सांगू नकोस.

ताई


२ फेब्रुवारी

ठकू,

या, बसा. चोरवाटेने आलात तरी पाहुण्याच.

अगं, चोरी करायची तर निदान नाव तरी बदलायचं. खातं उघडलंस 'ठकू' नावाने. पत्ता दाखवतेस इथला आणि तुझ्या यंत्राचं घड्याळ तिथलं. इथे आम्ही सकाळी येऊन खुर्च्या पुसतोय आणि तुझ्याकडे संध्याकाळ झालेली. माझ्या हाताखाली नवी लागलेली पोरंसुद्धा एवढं पकडतात.

मी लगेच बंद केलं नाही. तू काय बघतेस ते मला बघायचं होतं. कुणी कुठला भाग लावला, कुठे थांबवला, कुठे मागे नेला, सगळं माझ्या पडद्यावर दिसतं. आईचे एवढे भाग आहेत. काज आहे, खिसा आहे, उशीचे अभ्रे आहेत, फाटलेल्या कोपराला ठिगळ आहे. तुला त्यातला एकच हवा. पिवळ्या फ्रॉकचा. रोज तोच. आई सुईत दोरा ओवायला घेते तिथे यायचं, थांबायचं, मागे न्यायचं, परत बघायचं. भाग संपला की पुन्हा पहिल्यापासून, जणू आधी पाहिलाच नव्हता.

मला तो पडद्यावर बघायची गरज नाही. मी तिथे होते. ते कापड दुकानात मी पसंत केलं होतं आणि आई 'घेऊ या तुला' म्हणाली होती. मग स्टुडिओत दिव्याखाली तिने ते टेबलावर पसरलं आणि सगळ्या जगाला सांगितलं, 'हा माझ्या धाकटीचा.' मी कॅमेऱ्याच्या मागे बटणांची वाटी धरून उभी. घरी आल्यावर म्हणाली, 'तुझ्या मापाला कापड पुरलं नसतं गं.' पुरलं असतं. मी मोजलं होतं.

आणि तू एवढ्या लांब बसून आपला फ्रॉक पुन्हा पुन्हा बघतेस. अजून पोट भरलं नाही?

आज मी तुझा बोगदा बुजवला. वेळ बघून. आईने सुई दिव्याकडे धरली, दोरा गेला नाही, ती हसायला लागली, आणि तू जिथे थांबतेस त्याच्या जरासं आधी पाटी टाकली. 'आपण व्हीपीएन वापरत असल्याचे दिसते. कृपया ते बंद करून पुन्हा प्रयत्न करा.'

शेजारच्या टेबलावर जाड्या बसतो. तो मान वळवून म्हणाला, "मॅडम, एका खात्यासाठी अख्खं यंत्र कशाला बंद करताय? त्याच्याआडून शेकडो लोक येत असतील."

"मग शेकडो चोर गेले."

"चोर कसले! तिकडे जाऊन पडलेल्या म्हाताऱ्या असतील. अभ्रे बघत बसतात बिचाऱ्या."

"तुला फार पुळका. घरी बोलाव त्यांना."

तो गप्प बसला. माझ्यापुढे सगळे गप्प बसतात. तू सोडून.

ताई


१८ फेब्रुवारी

ठकू,

तुझी जिद्द बघून मला आपली शाळा आठवली. शिक्षक छडी घेऊन उभे आणि तरी तू बाकाखालून खातेयस.

एक बोगदा बंद झाला की तू दुसरा घेतेस. मी तो बुजवते. मग तिसरा. तुझ्यामागे फिरता फिरता मला इतके बोगदे सापडले की साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. 'यांच्याकडून शिका,' म्हणाले. मला काचेची खोली मिळाली आहे. तुझे आभार मानायला हवेत.

आता तुझ्या तक्रारीबद्दल. तक्रारी बघणारी मुलगी फार गोड बोलते, तिला आम्ही साखर म्हणतो. ती तुझा कागद घेऊन माझ्याकडे आली. "मॅडम, ही बाई रोज लिहिते. बघा ना जरा." तू लिहिलं होतंस, 'कृपया चालू करा. घरात वयस्कर माणूस आहे. संध्याकाळ झाली की फार त्रास होतो.'

साखरेचे डोळे भरून आले होते. मी तिला म्हटलं, अगं, सगळे असंच लिहितात. कुणाची आजी अंथरुणावर असते, कुणाचं मूल जेवत नाही, कुणाला डॉक्टरांनी आमची मालिका बघायला सांगितलेली असते. चोराच्या उलट्या बोंबा. तू तिकडे बस, याला उत्तर मी देते.

तर तुला जे उत्तर आलं ते माझं. 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपण जिथे आहात तिथे जे मिळते त्यात समाधान मानावे.' पहिलं वाक्य कंपनीचं आहे.

वयस्कर माणूस म्हणे! बाबांनी उभ्या जन्मात टीव्हीचं बटण स्वतः दाबलं नाही. आई लावून द्यायची आणि ते समोर बसून डुलक्या घ्यायचे. स्वतःला आई बघायची असेल तर तसं लिही की. म्हाताऱ्याला पुढे करून मागून हात कशाला पसरतेस?

ताई


५ मार्च

ठकू,

'बघणारी मी नाही, बाबा आहेत' असं तू लिहिलंस, तेव्हा मी एका शब्दात उत्तर दिलं होतं, 'दाखव.' काल तू दाखवलंस. तू काय केलंस ते मी आता नीट मांडते, म्हणजे उद्या तुला विसर पडायला नको.

मी पहिल्यांदा फोन घेतला. पडद्यावर बाबा आले. वाळलेत. स्वेटरचं बटण एक घर चुकलेलं, म्हणून एक बाजू वर ओढलेली. तुझ्या मागे खुंटीवर माणसाच्या उंचीचा कोट होता, मला वाटलं कुणी उभं आहे. मी "बाबा" म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, अगदी अदबीने, खिडकीपलीकडच्या कारकुनाकडे बघावं तसं, आणि तुला विचारलं, "कोण आहेत या?"

ठकू, तेव्हा 'ताई' एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. तू म्हणालीस, "या त्या बाई, बाबा. आईचा कार्यक्रम बंद करतात त्या."

बाबा सावरून बसले. डोक्यावरून हात फिरवून केस चापले. हात जोडले.

"नमस्कार बाई. तुम्हाला उगाच त्रास. ते जरा चालू करता का? आमची ही येते त्यात."

त्यांनी चिमटीत सुई धरल्यासारखं करून दाखवलं.

"फार वेळ नाही लागणार. ती सुई ओवते ना, तेवढंच बघतो. मग तुम्ही खुशाल बंद करा."

तू बाजूला उभी होतीस, हाताची घडी घालून. मला दिसत होतीस.

"तुम्हाला आई असेल ना, बाई?"

मी म्हटलं, "नियम आहे, काका."

तू रात्रभर मला शिव्या लिहून पाठवल्यास की बापाला काका म्हणायला जीभ कशी रेटली. मग काय म्हणू? ते मला 'तुम्ही' म्हणत होते. तू मला बाई केलंस, मी त्यांना काका केलं. आपल्या दोघींचं छान जमलं.

ते काय म्हणाले ते मात्र तू लिहिलं नाहीस. म्हणाले, "बरं बरं. नियम असेल तर तुम्ही तरी काय करणार. तुमचा वेळ घेतला." आणि परत हात जोडले.

फोन ठेवल्यावर मी तो भाग लावला. पहिल्यांदाच. आईला सुई ओवता येत नाही, ती हसते, हे मला आठवत होतं. पुढचं आठवत नव्हतं. ती मान वळवते आणि म्हणते, "अहो, बघत काय उभे राहिलात? चष्मा द्या." मग बाजूने एक हात येतो. नुसता हात, चष्मा धरलेला. अंगठा चपटा, कारखान्यात चेपलेला. आई चष्मा घेते, तो हात क्षणभर तिथेच राहतो, ती त्यावर चापट मारते आणि आपल्याकडे बघून म्हणते, "हे आमचे हे."

ते तिथे थांबत होते. संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावत होते, कारण आधी पाहिल्याचं त्यांच्या लक्षात राहत नव्हतं.

हे तुला का सांगितलं ते मलाही कळत नाही. त्याने काही बदललेलं नाही. दार बंदच आहे.

ताई


१२ मार्च

ठकू,

तू सरळ विचारलंस, मी सरळ सांगते. उघडता येईल का? येईल. एखाद्या खात्याला सूट देता येते. माझ्या सहीने होतं, कुणी विचारत नाही. कॉपीसुद्धा काढता येईल. आमच्या कपाटात आई पहिल्यापासून शेवटपर्यंत पडलेली आहे.

मी यातलं काही करणार नाही. बाबांना इकडे पाठव.

इथे त्यांना बोगदा लागणार नाही, घड्याळ खोटं लावावं लागणार नाही, कुणा बाईला हात जोडावे लागणार नाहीत. बटण दाबलं की आई. सकाळ, दुपार, संध्याकाळ. त्यांची खोली आहे, रंग अजून नवा आहे.

तू म्हणतेस, डॉक्टर नको म्हणाले, जागा बदलली की असली माणसं आणखी हरवतात. मग तू नेलंस तेव्हा जागा बदलली नव्हती का? तू म्हणतेस, एकदा तो देश सोडला की त्यांचा तिथे राहायचा परवाना संपेल आणि या वयात नवा मिळणार नाही. मला माहीत आहे. मी आधीच चौकशी केली होती. म्हणून तर म्हणतेय.

'ताई, तू आईला ओलीस ठेवलंयस,' असं तू लिहिलंस. चांगलं लिहितेस. आई तुझ्या वाटणीला खूप आली, फ्रॉकांसकट. उरलेली माझ्याकडे आहे. आता तू ठरव. बाबांना संध्याकाळी रडताना बघायचं, की इकडे हसत राहू द्यायचं.

ताई


९ एप्रिल

ठकू,

बाबा सुखरूप पोचले.

चाकाच्या खुर्चीत बसवून विमानवाल्यांनी बाहेर आणलं. गळ्यात दोरीने कार्ड होतं, त्यावर त्यांचं नाव, माझा नंबर आणि 'ऐकू कमी येते'. पार्सलावर 'सांभाळून हाताळा' लिहितात तसं. खिशात तुझी चिठ्ठी होती, 'घे. जिंकलीस. मला आता झेपतही नाही.' ही शेवटची ओळ तू आधी लिहिली असतीस, तर आपले इतके महिने वाचले असते.

ते छान आहेत. जेवतात. खोली आवडली. रोज आईचा कार्यक्रम बघतात आणि त्या चष्म्याच्या जागी हसतात.

सध्या फोन करू नकोस. तुझा चेहरा दिसला की त्यांचं मन उगाच तिकडे जाईल. रुळू दे.

ताई


३ मे

ठकू,

तू लिहिलंस की काल सहज शोधलं, तर आता ती जुनी पाटीसुद्धा येत नाही. 'असा कार्यक्रम सापडला नाही' असं येतं. आणि खाली विचारलंस, मग बाबा रोज काय बघतात?

काही नाही बघत. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

कार्यक्रम मार्चअखेर साइटवरून काढून टाकला. साहेब माझ्या काचेच्या खोलीत चहा घेऊन आले होते, खुशीत होते. म्हणाले, "तुमच्या कामाचा एक फायदा झाला. कोण काय बघतं ते आता स्वच्छ कळतं. काही जुन्या कार्यक्रमांना बघणारे सगळे बाहेरचेच होते, बोगद्यातले. ते गेल्यावर आकडा एकदम झोपला. मालक म्हणाले, मग कशाला पुढे हक्क घ्यायचे? ती एक शिवणवाली बाई होती, माहितेय? तिला इथे कुत्रं विचारत नव्हतं."

मी म्हटलं, "हो का?"

ती माझी आई, हे मी सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? ते उठून गेल्यावर मी जिथे सगळं साठवतात तिथल्या माणसाकडे गेले. करारात होतं, हक्क संपले की पुसायचं. त्याने पुसलं होतं. मी त्याला परत विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, काढलं म्हणजे काढलं. नियम तुम्हीच शिकवता की." जुन्या वाहिनीला फोन केला. हक्क विकून झाल्यावर ती बंद पडली, तिथे आता गोदाम आहे. फोन उचलणाऱ्याला शिवण म्हणजे काय हेच समजेना.

मी कॉपी काढली नव्हती. तू जानेवारीत मागितलीस तेव्हाही नाही आणि त्या फोननंतर मी एकटी बसून तो भाग बघत होते तेव्हाही नाही. ते एका बोटाचं काम होतं.

तुला हे बाबा निघायच्या आधी कळवता आलं असतं. तिकीट निघालं होतं, विमान तेवढं सुटायचं होतं. कळवलं असतं तर तू त्यांना थांबवलं असतंस. म्हणून नाही कळवलं.

ते मला ओळखत नाहीत. मला वाटलं होतं, समोर आले की ओळखतील, पडद्यावर माणूस वेगळा दिसतो. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "बाबा, मी मोठी." ते हसले. "मोठी ऑफिसात असते या वेळी," म्हणाले. त्यांना वाटतं, मी पगारी बाई आहे, त्यांना सांभाळायला ठेवलेली. पान वाढलं की "तुम्ही जेवलात का, बाई?" विचारतात. मी रजा घेतली आहे. दिवसभर आम्ही समोरासमोर बसतो. बोलायला मला काही सुचत नाही. तू म्हणाली होतीस ते खरंच आहे.

आईचं त्यांनी थोडे दिवस विचारलं. मी टीव्ही लावून शोधल्यासारखं करायची आणि म्हणायची, "आज नाहीये." मग विचारणं बंद झालं. मग घरी जायचं सुरू झालं. सकाळी उठून पिशवी भरतात. पिशवीत एक टॉवेल, चपलेचा एक जोड आणि ते गळ्यातलं कार्ड. घर म्हणजे कुठलं ते त्यांना सांगता येत नाही. तुझं असेल, जुनं असेल. एकदा मी आंघोळीला गेले तर खाली उतरून रस्त्यावर भलत्याच बसला हात करत होते. तेव्हापासून मी कुलूप घालते. ते दार हलवून बघतात, मग येऊन बसतात. रागावत नाहीत. मला वाटतं, रागावले असते तर बरं झालं असतं.

काल जेवता जेवता म्हणाले, "बाई, एक फोन लावून द्याल?"

"कुणाला?"

"त्या बंद करणाऱ्या बाईंना."

माझा घास हातातच राहिला. "त्यांच्याकडे काय काम आहे?"

"आहे जरा. वाईट नव्हत्या हो त्या. त्यांचा आवाज आमच्या मोठीसारखा होता."

मी घरातला जुना मोबाइल त्यांच्या हातात दिला, "थांबा, लावते" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घेतलं. माझ्या फोनवरून त्यांना लावला. त्यांनी उचलला. मधे एकच भिंत होती. त्यांचा आवाज मला दोन्हीकडून येत होता.

"बाई, मी मागे तुम्हाला त्रास दिला होता. आमच्या हिच्या कार्यक्रमासाठी."

"आठवतंय, काका."

"ते जाऊ दे आता. नियम असतो, मला कळतं. दुसरं काम होतं. आमची मोठी तुमच्याच ऑफिसात आहे. ओळखत असाल. कमी बोलते. माझ्यावर गेलीय."

"ओळखते."

"तिला एक निरोप द्याल?"

"सांगा."

त्यांनी आवाज खाली आणला. भिंतीपलीकडचा ऐकू येईना, फोनमधला तेवढा आला. "मला इथे एका बाईंकडे ठेवलंय. तशा बऱ्या आहेत, जेवायला-खायला घालतात, पण दार उघडत नाहीत. मोठीला म्हणावं, बाबांना येऊन घेऊन जा. तिला पत्ता कळला नसेल, नाहीतर ती आलीच असती."

ठकू, मी काय करायला हवं होतं ते तू सांग. तुला नेहमी सुचतं.

मी म्हटलं, "सांगते, काका."

"नक्की सांगा हं. तिला यायला उशीर झाला तरी चालेल. मी जागा आहे."

मी तोंड धुतलं, डोळे पुसले आणि बाहेर आले. त्यांनी बूट घातले होते. नाडी बांधायचा प्रयत्न करत होते. पिशवी मांडीवर होती. मला बघून त्यांनी हात जोडले, चेहरा असा उजळलेला की आई गेल्यापासून मी तसा पाहिला नव्हता.

म्हणाले, "बाई, माझी मुलगी यायला निघालीय. तुम्ही आता मोकळ्या."

ताई